घरातला वड का वाळतो? बोन्साय करताना विदर्भात हमखास होणाऱ्या चुका टाळा

घरात ठेवलेला बोन्साय वाळला की पहिला दोष कात्रीला जातो. फांदी चुकीची कापली असेल, मुळं जास्त छाटली असतील, असं म्हणून माणूस मोकळा होतो. पण वडा-पिंपळाच्या कुळातलं झाड छाटणीने सहसा मरत नाही. विहिरीच्या बांधकामात उगवलेला पिंपळ कोयत्याने कितीही छाटा, पावसाळ्यात तो परत हजर. झाड जातं ते उजेड, माती आणि पाणी यांच्या घोळात, आणि आपल्याकडच्या उन्हात हा घोळ लवकर अंगाशी येतो. म्हणून आकाराचं नंतर बघू.

घरात टिकणारंच झाड निवडा

पळस, मोह, साग यांचा बोन्साय दिसतो सुंदर, पण तो अंगणातला. ही झाडं पानगळीची, त्यांना कडक ऊन लागतं. संत्र्यालाही तसंच ऊन लागतं, शिवाय पानं लहान झाली तरी फळ काही लहान होत नाही. घरात टिकतात ती मुख्यतः फायकसच्या, म्हणजे वडा-पिंपळाच्या कुळातली झाडं: नांद्रुक, वड, पिंपरी, नर्सरीतला बेंजामिना. जेड आणि शेफ्लेराही चालतात. पिंपळाचं पान लांब देठाचं, ते फारसं लहान होत नाही. त्यातून 'पिंपळ घरात नको' म्हणणारं कोणी ना कोणी घरात असतंच, त्यामुळे तो वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही.

वडासाठी नर्सरीत जायचीही गरज नाही. वटपौर्णिमेला पूजेसाठी आणलेल्या डहाळ्या दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जातात. त्यातली अंगठ्याएवढी जाड, ताजी फांदी मिळाली तर पानं काढून ओलसर रेतीत खोचा. ज्येष्ठाचे दिवस असतात, हवेत ओल येऊ लागलेली असते, अशा वेळी फांदी बऱ्यापैकी फुटते.

खिडकीत कुलर असेल तर

आपल्या डोळ्याला खोली उजेडाची वाटते, झाडाला तेवढ्याने भागत नाही. खिडकीपासून सहा-सात फुटांवर, टीव्हीशेजारी ठेवलेलं झाड काही महिने हिरवं राहतं, कारण ते साठवणीवर जगत असतं. मग दोन पानांतलं अंतर वाढतं, नवी पानं मोठी आणि फिकी येतात, शेंडे एका बाजूला कलतात. हे दिसलं की खत घालू नका, झाड खिडकीजवळ सरकवा. आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवली तर झाड एकांगी होत नाही.

खिडकीची दिशाही बघा. हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन घरात लांबवर येतं. पण नागपूरच्या आसपास मे महिन्याच्या शेवटी, म्हणजे ऐन नवतप्यात, दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि त्याच खिडकीत ऊन येत नाही. पश्चिमेची खिडकी तेव्हा पानं भाजते. बारमाही भरवशाची म्हणजे पूर्वेची.

खरी पंचाईत वेगळीच आहे. गावच्या बहुतेक घरांत बैठकीला एकच धड खिडकी असते आणि एप्रिल लागला की तिच्यात कुलर बसतो. झाडाचा उजेड गेला, आणि वर कुलरचा झोत थेट त्याच्या अंगावर. कुलरची दमट हवा फायकसला मानवते, झोत मानवत नाही. झोताकडची पानं कडेने तपकिरी होऊन गळतात, मागची हिरवी राहतात, हीच त्याची ओळख. झाड झोतातून काढा, आणि दुसरी खिडकी नसेल तर उन्हाळाभर ओसरीत सावलीच्या कडेला ठेवा. माझं विचाराल तर विदर्भात बोन्सायचं खरं घर ओसरीच. बैठकीत त्याने पाहुणे येतील तेवढ्या दिवसांपुरतं यावं. टिनाच्या खोलीत मात्र दुपारी ठेवूच नका. बाहेर पारा 45 वर असताना टिनाखाली त्याहून जास्त तापतं.

आतलं झाड एकदम उन्हात काढलं तरी पानं करपतात. आधी सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात, असं आठ-दहा दिवसांत सरावू द्या.

काळी माती कुंडीत नको

शेतातली काळी कसदार माती कापसाला आणि तुरीला चांगली, चार इंच खोल ट्रेमध्ये ती घात करते. पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि कुंडीच्या काठापासून सुटते. त्या फटीकडे नीट बघा. तुम्ही वरून तांब्याभर पाणी ओतता, ते फटीतून सरळ खाली जातं, भोकातून बाहेर येतं, आणि तुम्हाला वाटतं पाणी झालं. मधला मुळांचा गोळा कोरडा ठणठणीत असतो. उलट पावसाळ्यात तोच गोळा चिखल होऊन बसतो आणि मुळं कुजतात.

दोन भाग लाल विटांचा चुरा, एक भाग नदीची जाड रेती, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एवढं मिश्रण पुरतं. चुरा ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतचा ठेवा, खालची पूड चाळून टाकून द्या. राखेच्या विटा वापरू नका, त्यांत सिमेंट किंवा चुना असतो. ताजं शेणही नको, त्यातून हुमणी येते.

नर्सरीतून आणलेल्या झाडाच्या मुळाशी कित्येकदा पांढरे खडे डिंकाने चिकटवलेले असतात. शोभा म्हणून ठीक, पण खालची माती ओली की कोरडी ते कळत नाही. पहिल्याच दिवशी काढून टाका.

पाणी: घड्याळ बघून नाही

'रोज सकाळी एक पेला' हा नियम मे महिन्यात कमी पडतो आणि जानेवारीत जास्त होतो. खराट्याची काडी मातीत दोन इंच खोचून दहा मिनिटांनी काढा. ओलसर निघाली तर थांबा. कोरडी निघाली तर कुंडी घमेल्यात ठेवून पाणी मातीच्या वर येईल इतकं भरा. बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या. मूळगोळा आतपर्यंत भिजवायचा हाच खात्रीचा मार्ग.

खालची पानं मऊ, पिवळी होऊन गळत असतील तर पाणी जास्त होतंय. पानं कुरकुरीत होऊन झाडालाच चिकटून राहिली तर कमी पडतंय. आणि गावी आणल्यावर आठवड्याभरात बेंजामिनाने ढीगभर पानं टाकली तर घाबरू नका, जागा बदलली की तो रुसतोच. नखाने सालीवर बारीक ओरखडा काढून बघा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. अशा वेळी जास्त पाणी घालून त्याला मारू नका, पानंच नसतील तर ते पाणी पिणार कुठून?

अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांच्या खारपाण पट्ट्यातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. तिथल्या बोअरचं खारं पाणी कुंडीला दिलं की काठावर पांढरी पापडी धरते आणि पानांची टोकं जळतात. पागोळीचं पाणी ड्रममध्ये साठवून तेच द्या, आणि पावसाळ्यात कुंडी दोन-चार जोरदार सरींत उघड्यावर ठेवा, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातील.

घरात शेतीचं खत असतं म्हणून चिमूटभर युरिया टाकायचा मोह होतो. एवढ्याशा मातीत 46 टक्के नत्राचा तो दाणा मुळं जाळतो. सरकीची पेंड भिजवून, निवळी भरपूर पातळ करून पंधरा दिवसांनी द्या. वास येतो, म्हणून ओसरीत द्या.

आता आकार

सगळ्यात मोठी घाई कुंडीची. बोटाएवढी काडी देखण्या ट्रेमध्ये लावली की ती वर्षानुवर्षं काडीच राहते. खोड जाड होतं ते मोकळ्या वाढीने. म्हणून आधी जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत दोन-तीन पावसाळे वाढू द्या. शेंडे रोज खुडण्यातही तोच तोटा. फांदीला सहा-आठ पानं येऊ द्या, मग दोन ठेवून कापा. चीक येईल, त्यावर पाण्याचा फवारा मारला की थांबतो.

बांधकामाची लोखंडी तार वापरू नका, ती कडक असते आणि गंजते. वायरिंगच्या केबलमधली तांब्याची तार सोलून घ्या किंवा ॲल्युमिनियमची आणा. जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश आणि वेढा तिरका, 45 अंशांचा. पावसाळ्यात फायकस इतक्या वेगाने भरतो की महिन्या-दीड महिन्यात तार सालीत रुतते आणि तो मळसूत्री व्रण वर्षानुवर्षं जात नाही. दर आठवड्याला बघा. साल तारेच्या दोन्ही बाजूंनी फुगू लागली की तुकडे करून तार काढा. उलटी उकलायला जाल तर फांदी मोडेल.

मुळं छाटून कुंडी बदलायची ती जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. हिवाळ्यात नको, वाढ थांबलेली असते.

'जिनसेंग' नावाने विकला जाणारा जाड मुळांचा फायकस बहुधा कलमी असतो. कलमाच्या खालून वेगळ्या, मोठ्या पानांचे फुटवे आले तर लगेच काढा, नाहीतर तेच वरचढ होतात.

कीड दिसली म्हणून पंप काढू नका

कपाशीवरचं औषध घरात उरलेलं असतं, तेच मारलं जातं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शेतात फवारणी करतानाही विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, मग बंद खोलीत ते मारण्याचा विचारही नको. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, किंचित साबण घाला. संध्याकाळी ओसरीत नेऊन पानांच्या खालच्या बाजूने फवारा, आठवड्याने पुन्हा. लाल कोळी कोरड्या हवेत वाढतो, त्याला नुसत्या पाण्याने पानं धुतली तरी आळा बसतो. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, फांदीच्या बेचक्यात दडतो, तिथे स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवा. नांद्रुकाची पानं मधोमध मिटलेली दिसली तर आत काळे बारीक फुलकिडे असतात. फवारा तिथवर पोचत नाही, ती पानं तोडून जाळा.