गोल्फची ग्रिप दर वेळी सारखी कशी बसवावी

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सलग दहा बॉल सरळ जातात आणि पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागी, उभं राहिलं की पहिलाच बॉल उजवीकडच्या झाडांत. दोन वर्षं मी याचं खापर स्विंगवर फोडत होतो. शेवटी बॅग उचलणाऱ्या एका कॅडीनेच सांगितलं, "साहेब, हात दर वेळी वेगळाच बसतोय तुमचा."

त्याचं खरं होतं. ग्रिप, म्हणजे क्लबवरची (गोल्फच्या काठीवरची) हातांची पकड, दोन-चार मिलिमीटर फिरली तरी हाताला ते कळत नाही, बॉलला मात्र कळतं. म्हणून "आज बरी वाटतेय" या भरवशावर राहू नका. हात एका ठरलेल्या क्रमाने बसवा आणि तो क्रम मोडू नका. खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.

१. आधी क्लबफेस, मग हात

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. आपण क्लब हवेतच पकडतो, जमिनीवर टेकवतो, फेस (बॉलला लागणारी बाजू) वाकडा दिसला की मनगटं पिळून तो सरळ करतो. फेस सरळ झाला, पण हात फिरलेले राहिले. स्विंगमध्ये ते आपल्या मूळ जागी येतात आणि फेस पुन्हा वाकडा.

त्याऐवजी उजव्या हाताने ग्रिपच्या (इथे मुठीवरच्या रबराच्या) जरा खाली, शाफ्टला, म्हणजे दांड्याला, धरा. क्लब बॉलमागे टेकवा, फेसची खालची कड लक्ष्याला काटकोनात आणा. मगच डावा हात लावा. ग्रिपवरची कंपनीची छाप सरळ वर बसवलेली असेल तर तिचाही खुणेसारखा उपयोग होतो. प्रत्येक क्लबवर मात्र ती एकाच जागी हवी, नाहीतर ती खूणच चकवते.

२. डावा हात: भरलेली बादली आठवा

भरलेली बादली उचलताना कडी तळहाताच्या मध्यावर कोणी घेत नाही, ती बोटांत अडकवतो. क्लबही तसाच. तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत तो तिरका यायला हवा आणि करंगळीखालचा तळहाताचा मांसल भाग ग्रिपच्या वर टेकायला हवा. ग्रिपचं टोक हाताबाहेर साधारण एक सेंटिमीटर राहू द्या.

तपासायला सोपी युक्ती: बाकीची बोटं सोडून फक्त वाकवलेली तर्जनी आणि तो मांसल भाग यांच्यावर क्लब उचलून बघा. तोलला गेला तर जागा बरोबर. सटकला तर क्लब तळहातात गेलाय.

अंगठा ग्रिपच्या मध्यापासून किंचित उजवीकडे ठेवा. आता मान न हलवता खाली बघा. बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठी, म्हणजे नकल्स, दोन ते अडीच दिसायला हव्यात. एकच दिसत असेल तर ग्रिप वीक, तीन-चार दिसत असतील तर स्ट्रॉंग. या शब्दांचा जोराशी काही संबंध नाही, हात किती फिरलाय एवढंच ते सांगतात. वीक ग्रिपमध्ये फेस उघडा राहून स्लाइस होण्याची (बॉल उजवीकडे वळण्याची) शक्यता जास्त, स्ट्रॉंगमध्ये हुकची (डावीकडे वळण्याची). तुम्ही मुद्दाम थोडी स्ट्रॉंग ठेवत असाल तरी हरकत नाही, पण आकडा ठरवा आणि दर वेळी मोजा.

३. उजवा हात

क्लब मधल्या दोन बोटांत घ्या आणि तळहातावरच्या आयुष्यरेषेने डावा अंगठा झाका. अंगठा आणि तर्जनीमधला इंग्रजी 'व्ही' दोन्ही हातांवर साधारण उजव्या खांद्याकडे रोखलेला हवा.

करंगळीचं काय करायचं? डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेवर ठेवली तर ती ओव्हरलॅप किंवा वार्डन ग्रिप. हॅरी वार्डनने १८९६ ते १९१४ या काळात सहा वेळा ब्रिटिश ओपन ही स्पर्धा जिंकली आणि ग्रिपला त्याचं नाव चिकटलं, पण जॉनी लेडले हा स्कॉटिश हौशी खेळाडू ती त्याच्याआधीच वापरत होता. करंगळी डाव्या तर्जनीत गुंफली तर इंटरलॉक. जॅक निकलस आणि टायगर वुड्स दोघेही असंच धरतात. हात लहान असतील तर हीच करून बघा. दहाही बोटं ग्रिपवर ठेवायलाही नियमांची आडकाठी नाही. एक निवडा आणि निदान महिनाभर बदलू नका.

क्रिकेट खेळून आलेल्यांना एक सूचना. बॉटम हँडने ओढायची सवय इथे महागात पडते. उजवी तर्जनी आणि अंगठा चिमटीसारखे आवळायला लागले की समजा, बॅट हातात आली.

४. किती घट्ट?

दहापैकी चार. डाव्या हाताची शेवटची तीन बोटं आणि उजव्याची मधली दोन एवढीच खरी पकड. कोपरापर्यंतचा हात लाकडासारखा झाला तर सैल करा. मागे चार माणसं बघत उभी असली की चाराचा आकडा आपोआप आठ होतो. तेव्हा क्लबचं डोकं दोनदा हलकेच हलवा. आणि एकदा हात बसले की पुन्हा चाळवू नका. शंका आली तर क्लब उचला, पायरी एकपासून सुरुवात करा.

घरातला सराव

याला रेंज लागत नाही. फरशीच्या दोन लाद्यांमधल्या रेघेवर क्लबची खालची कड जुळवा, डोळे मिटून ग्रिप घ्या, डोळे उघडा. कड रेघेवर आहे का, नकल्स किती दिसतात? सोडा, पुन्हा घ्या. रोज वीस वेळा. पाच मिनिटंही लागत नाहीत. फक्त खोलीत स्विंग करू नका, पंखा महाग पडतो.

घाम, पाऊस आणि जुनं रबर

मुंबईच्या मे महिन्यात किंवा पावसाळ्यात उत्तम ग्रिपही घसरते, आणि घसरते म्हणून आपण आवळतो. बॅगेत दुसरा ग्लोव्ह आणि कोरडा टॉवेल ठेवा. महिन्यातून एकदा कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन ग्रिप घासा आणि पूर्ण वाळू द्या. घासूनही रबर काचेसारखं चमकत असेल तर ते बदला. बोटांचे साचे असलेली ग्रिप सरावाला ठीक आहे, पण नियमांनुसार ती स्पर्धेत चालत नाही.

जुने ग्लोव्हही लगेच फेकू नका. करंगळीखालच्या भागात भोक पडलं असेल तर क्लब हातात घसरतोय, म्हणजे पायरी दोन चुकतेय. माझं ते भोक बंद झालं. आता अंगठ्याजवळ पडतं. तो आवळण्याचा पुरावा, असं कॅडीचं म्हणणं आहे.