दाताची कॅप निघाली? आधी बेसिनच्या भोकावर वाटी ठेवा

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी चिक्कीच्या गुळाची वडी चावली आणि खालच्या दाढेवरची कॅप वडीसकट बाहेर. मला वाटलं दाढच आली, जीभ फिरवली तर तिथं छोटासा खुंट लागला. तो खुंट म्हणजे कॅप बसवायला घासून बारीक केलेली आपलीच दाढ असते, त्यामुळं घाबरायचं कारण नाही.

पहिलं काम म्हणजे कॅप सांभाळा. धुवायची असेल तर बेसिनच्या भोकावर वाटी किंवा गाळणी ठेवा, नाहीतर ती थेट सांगलीच्या गटारात. टिशूत गुंडाळून ठेवू नका, आमच्या आईनं तो कचरा समजून उचललाच होता, मी ओरडलो म्हणून वाचली. गोळ्यांची रिकामी डबी बेस्ट.

मग आरशासमोर कॅप आतून बघा. रिकामी असेल, नुसता जुना सिमेंटचा थर असेल तर बरेचदा तीच परत बसते. पण आत दाताचा तुकडा अडकलाय किंवा रूट कॅनालमधली पिन सोबत आलीय तर घरी काही करू नका, सरळ डॉक्टर.

रविवार आहे, दवाखाना बंद आहे, आणि कॅप रिकामी आहे, तर मेडिकलमध्ये दाताचं तात्पुरतं सिमेंट किंवा कवळी चिकटवायची क्रीम मिळते का विचारा. आधी काही न लावता कॅप बसवून बघा, दिशा कळते. दात नीट मिटत नसतील तर दाबून बसवायची नाही, डबीतच राहू दे. बसली तरी रात्री काढून झोपा, झोपेत घशात जायला नको. आणि फेविक्विक अजिबात नाही! आमच्या गल्लीतनं पहिला सल्ला तोच आला होता. हिरडी भाजते, कॅप वाकडी चिकटते आणि मग काढताना डॉक्टरांचाही घाम निघतो.

ठणका असेल तर कापसाला थेंबभर लवंगाचं तेल लावून दातावर टेकवा, हिरडीला लागू देऊ नका. गार-गरम टाळा, दुसऱ्या बाजूनं चावा. चुकून गिळलीच तर बहुतेक वेळा पोटातनं निघून जाते, पण ठसका थांबेना, श्वास अडकतोय असं वाटलं तर लगेच इमर्जन्सी गाठा, सांगली-मिरजेत हॉस्पिटलांची कमी नाही.

खरी गोची इथं होते. रूट कॅनाल झालेली दाढ दुखत नाही म्हणून माणूस आठवडे काढतो, मीही आठ दिवस काढले. तेवढ्यात उघडा खुंट किडू शकतो, चावताना तुटू शकतो, शेजारचे दात सरकले की जुनी कॅप बसतच नाही आणि नव्या कॅपचा खर्च आला. दोन-तीन दिवसांत जा. सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी.

परत बसवल्यावर एक दिवस तरी त्या बाजूनं कडक-चिकट नको. भडंगातले शेंगदाणे वेचत बसायचा कंटाळा असेल तर मऊ पोहे खा.