बाटलीला नावं ठेवण्याआधी: स्वस्त स्पॅनिश रेड वाइन घरी चाखताना या चुका टाळा

माद्रिदमधल्या आमच्या पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार मराठी घरं मिळून वाइन चाखायला बसलो होतो. आग्नेय स्पेनमधल्या हुमिया भागातल्या वाइनची बाटली शेगडीशेजारच्या फळीवर ठेवलेली होती. ओतली, घोट घेतला आणि सगळ्यांच्या घशात नुसती जळजळ. ‘पाच युरोत आणखी काय मिळणार’ म्हणून ती बाजूला पडली. पंधरा दिवसांनी तीच वाइन, नवी बाटली, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून उघडली. या वेळी पिकलेल्या जांभळाचा वास आला, अंजिराची गोडसर चव लागली आणि बाटली संपली. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की स्वस्त स्पॅनिश वाइन बिघडते ती बहुतेक वेळा आपल्या घरात.

तेव्हा पहिली आणि सर्वांत मोठी चूक तापमानाची. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड युरोपातल्या जुन्या घरांसाठी होता. तिथे खोली म्हणजे १६ ते १८ अंश. माद्रिदच्या जुलैत किंवा पुण्याच्या एप्रिलमध्ये खोलीत २८-३० अंश असतात. एवढ्या उबेत अल्कोहोल आधी नाकात चढतं आणि फळाचा वास मागे राहतो. हुमियाच्या मोनास्त्रेल द्राक्षाच्या वाइनमध्ये १४.५ ते १५ टक्के अल्कोहोल सर्रास असतं, त्यामुळे तिथे हे जास्तच जाणवतं. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. गार्नाचा द्राक्षाची ताजी, लाकडात न ठेवलेली वाइन असेल तर १४ अंशांपर्यंत गार केली तरी छान लागते. मात्र फार गार झाली की तुरटपणा टोचू लागतो. तसं झालं तर दहा मिनिटं ग्लास हातात धरून बसा.

दुसरी चूक दुकानातच होते. लेबलवरचे ‘क्रिआन्सा’, ‘रेसेर्वा’, ‘ग्रान रेसेर्वा’ हे शब्द लोक दर्जाच्या पायऱ्या समजतात. ते मुळात मुरवण्याच्या काळाचे शब्द आहेत. उत्तर स्पेनमधल्या रिओहा भागात रेड क्रिआन्सा किमान २ वर्षं मुरते, त्यातलं १ वर्ष लाकडी पिंपात. रेसेर्वाला ३ वर्षं लागतात, त्यात पिंपातलं १. ग्रान रेसेर्वाला ५ वर्षं, त्यात पिंपातली २. आता पिंप, कोठार आणि थांबण्याची वर्षं या सगळ्याला पैसा लागतो. सहा युरोच्या ग्रान रेसेर्वात तो खर्च वजा करा. द्राक्षांसाठी काय उरतं? म्हणून हात आखडता असेल तर मी ‘होवेन’ म्हणजे तरुण वाइन किंवा साधी क्रिआन्सा घेते. रिओहाच्या बाटलीवर मागे नियामक मंडळाची पट्टी असते: क्रिआन्साची लाल, रेसेर्वाची गडद मरून, ग्रान रेसेर्वाची निळी. ती बघा. बाटलीभोवतीच्या सोनेरी जाळीला मात्र भुलू नका. ती जाळी एकोणिसाव्या शतकात मार्केस दे रिस्काल या वाइनरीने भेसळ रोखण्यासाठी वापरली होती. आज ती फक्त सजावट आहे.

खरा स्वस्त खजिना ईशान्य स्पेनमधल्या आरागोनमध्ये आहे असं मी मनापासून सांगते. काम्पो दे बोर्हा, कालातायुद आणि कारिन्येना या भागांत गार्नाचाच्या जुन्या वेली आहेत आणि चार ते सात युरोंत स्ट्रॉबेरी-रासबेरीच्या वासाची भरदार वाइन मिळते. वालेन्सियाजवळच्या उतिएल-रेकेनाची, बोबाल द्राक्षाची वाइनही तशीच: गडद, रांगडी, थोडी आंबट.

नावांचाही गोंधळ होतो. वाल्देपेन्यासची ‘सेन्सिबेल’, रिबेरा देल दुएरोची ‘तिंतो फिनो’ आणि तोरोची ‘तिंता दे तोरो’ ही सगळी तेम्प्रानियो या एकाच द्राक्षाची नावं. तीन वेगळी द्राक्षं चाखतोय असं समजून बसलात तर तुलना फसते. उलट हे माहीत असेल तर मजा आहे: तेच द्राक्ष, फक्त माती, उंची आणि हवा वेगळी. (नाशिक भागातही तेम्प्रानियो लावलं गेलं आहे. मिळालं तर या रांगेत जरूर ठेवा.)

चाखण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी हुमिया आणि मग रिओहा घेतली, तर बिचारी रिओहा पाणचट वाटते. हलकी आधी, लाकडात मुरलेली नंतर, जास्त अल्कोहोलची शेवटी. प्रत्येकी ५० मिलिलिटर पुरे. चार-पाच बाटल्या असतील तर थुंकायला एक भांडं ठेवा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. ग्लास एक-तृतीयांशाहून जास्त भरू नका, नाहीतर फिरवून वास घेता येत नाही.

वासावरून आठवलं, त्या संध्याकाळी उदबत्ती नको आणि हिंगाची फोडणी तर नकोच. ठेचाही नको. मिरचीच्या तिखटावर अल्कोहोल आणखी जळतं. मासे नकोत, कारण तुरट रेडसोबत तोंडात लोखंडासारखी चव येते. ला मांचाचं मेंढीच्या दुधाचं मान्चेगो चीज, ऑलिव्ह, साधा पाव किंवा बटाट्याची स्पॅनिश तोर्तिया (जाड ऑम्लेट) ठेवा. वाइनमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून तोंड सुपारी खाल्ल्यासारखं तुरट होतं. चीजमधली प्रथिनं आणि स्निग्धता तो तुरटपणा मऊ करतात.

आता बाटली खरंच बिघडली आहे का, ते ओळखायचं कसं? ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट वास येत असेल तर तो बुचाचा दोष. कितीही हवा लागली तरी तो जात नाही, बाटली दुकानात परत द्या. बूच वर सरकलेलं आणि टोपणाखाली चिकट ओघळ दिसला तर बाटलीला कुठेतरी ऊन किंवा उष्णता लागली असण्याची शक्यता असते. उघडताच काडेपेटीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका. एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा वरून ओता आणि वीस मिनिटं थांबा, बहुधा तो उडून जातो. भांडी काचेची किंवा स्टीलची घ्या. तांब्या-पितळेत ओतलंत तर वाइन आंबट असल्यामुळे ताकासारखी कळकेल. व्हॅनिलाचा किंवा सुक्या खोबऱ्याचा वास हा दोष नव्हे. रिओहात परंपरेने अमेरिकन ओकची पिंपं वापरतात, हा वास त्यांचा. तळाशी साखरेच्या खड्यांसारखं काही चमकलं तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, अपाय करत नाहीत.

उरलेली वाइन अर्ध्या आकाराच्या बाटलीत काठोकाठ भरा, घट्ट बंद करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक घोट घ्याच. आदल्या रात्री अंग चोरून बसलेली बोबाल दुसऱ्या संध्याकाळी मोकळी झालेली मी कितीदा तरी पाहिली आहे.