नववीत शाळा सुटली आणि आता बीए करायचंय? बेळगावकडच्या मराठी माणसांसाठी

माझी शाळा नववीत सुटली, खानापूर भागातल्या खेड्यात, आणि बीएचा फॉर्म भरला तेव्हा चाळिशी आली होती. मधली सगळी वर्षं शहापुरात ब्लाऊज शिवण्यात गेली, अजून शिवतेच. माप द्यायला आलेल्या बायका माझी पुस्तकं बघून हसतात, "आता ह्या वयात शिकून काय करालीस गे?" आणि निघताना दारात थांबून हळूच, माझं पण दहावी राहिलंय, होतंय काय बघ की. त्यांना दर वेळी तोंडी सांगून दमले म्हणून हे लिहिते.

आधी एक काम नाही करायचं ते सांगते. "एका वर्षात दहावी, बारावी, डिग्री" असली जाहिरात दिसली की पुढं चालायचं. मी स्वतः एकाकडं पैसे भरून बसले होते, पावती दिली ती वहीच्या कागदावर, आणि दोन महिन्यांनी बघते तर दुकानाला कुलूप. शॉर्टकट नाही. दहावी, मग बारावी, मग डिग्री, ह्याच क्रमानं जायचं. बारावी नसताना पूर्वतयारीचा छोटा कोर्स करून थेट बीएला बसायची वाट मुक्त विद्यापीठांनी काढली होती, तसे शिकलेले लोक आहेतही, पण त्या कोर्सला बारावी कुणी म्हणत नाही, नोकरीच्या फॉर्मात बारावीचा रकाना रिकामाच राहतो आणि तिथंच गाडी अडते.

दहावीसाठी दोन रस्ते. एक म्हणजे एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीला, खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचं, मराठी माध्यमातून देता येते, पण सहा विषय, त्यात गणित, सायन्स आणि कन्नड आलंच. दुसरा म्हणजे एनआयओएस, केंद्र सरकारचं ओपन स्कूल, १९८९ पासून चालू आहे आणि त्यांची दहावी-बारावी बाकी बोर्डांच्या बरोबरीची धरतात. मी हाच धरला. वयाची वरची अट नाही, शाळेचा दाखला नसला तरी "दहावीचा अभ्यास झेपेल इतकं मी शिकलेय" असं स्वतः लिहून दिलं की चालतं. पाच विषय घ्यायचे, विषयाला ३३ टक्के पडले की पास, आणि पाच वर्षांत नऊ संधी, म्हणजे एका वेळी दोन पेपर देत सावकाश गेलं तरी चालतं. दहावीला मराठी माध्यम आहे. गणित टाळता येतं, मी टाळलं आणि होम सायन्स घेतलं, पण पुढं कॉमर्स किंवा सायन्सकडं जायचं मनात असेल तर माझ्यासारखं करू नका. आणि कर्नाटकातच सरकारी नोकरी हवी असेल तर कन्नड कधी ना कधी लागणारच, त्यापासून पळून फायदा नाही, मी आता पोरीच्या पुस्तकातून अक्षरं गिरवालोय.

फॉर्म भरायच्या आधी नाव जुळवा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कटकटीचं, आमच्या भागात तर जास्तच. माझं बघा, शाळेच्या दाखल्यावर सविता, माहेरचं आडनाव, इंग्रजीत शेवटी नुसता टी आणि ए. आधार काढताना ऑपरेटरनं कन्नड पद्धतीनं टी च्या पुढं एच लावला, आडनाव सासरचं. रेशनकार्डावर सविताबाई. तीन कागद, तीन बायका. त्यात जुन्या कागदावर बेळगाव, २०१४ नंतरच्यावर बेळगावी, त्याचं काही अडत नाही, पण नावाचं अडतं. आधी आधार दुरुस्त करून घ्या, लग्नानंतरच्या नावासाठी मॅरेज सर्टिफिकेट जोडा, नोटरीकडून अ‍ॅफिडेव्हिट करून ठेवा. दहावीच्या सर्टिफिकेटवर जे नाव छापून येईल तेच पुढं जन्मभर, म्हणून स्पेलिंग अक्षर-अक्षर वाचूनच सबमिट दाबा, सायबर कॅफेतला पोरगा घाईत असला तरी त्याला थांबवा.

दहावी झाली की तिथंच बारावी. दहावी आणि बारावीच्या सर्टिफिकेटमध्ये साधारण दोन वर्षांचं अंतर लागतं, तेव्हा "लगेच" हा शब्द विसरा. इथं माध्यमाचं नीट ठरवा, कारण बारावीपासून पुढं हिंदी नाहीतर इंग्रजी धरूनच चालावं लागतं. मी हिंदी घेतलं. लिपी तीच, सिरियल बघून कान तयार, आणि तरी पहिल्या पेपरात निम्मी वाक्यं मराठीच उतरली होती, असो.

मग डिग्री. आमच्यातले बरेच जण म्हणतात नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठीत आहे की, तिकडं करूया. मला पण तेच हवं होतं. पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र चालवता येत नाही, आणि आपला पत्ता पडला कर्नाटकात. निपाणीहून कोल्हापूर तासाभरावर असलं तरी कागदावर ती दुसरी दुनिया. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मावशीचा पत्ता लावून करतात काहीजण, मी सांगणार नाही करा म्हणून. मैसूरचं कर्नाटक मुक्त विद्यापीठ आहे, कन्नड किंवा इंग्रजी जमत असेल तर चांगलं. मी इग्नू घेतलं, म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त विद्यापीठ, हिंदीतून बीए. प्रवेश वर्षातून दोनदा, जुलै आणि जानेवारी. आता प्रवेशाला एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याचा नंबर) आणि डेब आयडी (डिस्टन्स कोर्सच्या विद्यार्थ्याचा यूजीसीकडचा नंबर) दोन्ही लागतात, ते आधारवरून निघतात, म्हणून वर नावाचं इतकं डोकं खाल्लं. कुठलाही डिस्टन्स कोर्स घ्या, त्याला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, त्या वर्षासाठी मान्यता आहे का ते यूजीसीच्याच साईटवर बघून मगच पैसे भरा.

इग्नूत असाइनमेंटला ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के. असाइनमेंट हातानं लिहायच्या, आणि नुसता प्रवेश झाला म्हणून परीक्षेला बसता येत नाही, परीक्षेचा फॉर्म आणि फी वेगळी, दर वेळी. मला हे माहीत नव्हतं, पहिल्या वर्षी अभ्यास करून बसले आणि हॉल तिकीट आलंच नाही, दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

अभ्यासापेक्षा हात जास्त त्रास देतो. वीस-पंचवीस वर्षं कात्री धरलेल्या बोटांनी तीन तास पेन चालवायचं म्हणजे पाऊण तासातच अंगठा आखडतो, तिसऱ्या पानावर अक्षर माझं मलाच वाचता येत नव्हतं. म्हणून परीक्षेच्या दोन महिने आधीपासून रोज जुना पेपर घेऊन मोबाईलवर टायमर लावून लिहायचं, आधी अर्धा तास, मग एक, मग पूर्ण. वाचून पाठ झालं तरी लिहिल्याशिवाय उपयोग नाही. घरात जागा नसेल तर सार्वजनिक वाचनालयात जा, तिथं पोरं स्पर्धापरीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली असतात, पहिल्या दिवशी लाज वाटते, चौथ्या दिवशी तीच पोरं "काकू, खुर्ची घ्या" म्हणतात.

इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरला, आणि दोन्ही वेळा लगीनसराई आडवी येते. म्हणून आता फॉर्मची शेवटची तारीख आणि ऑर्डर बंद करायची तारीख, दोन्ही मी मशीनच्या वरच्या कालनिर्णयावर लाल पेनानं लिहून ठेवते. त्यानंतर सख्खी जाऊ आली तरी ब्लाऊज घेत नाही.