माडीवर रॅप रेकॉर्ड करताना

परवा कोल्हापुरातल्या शाहूपुरीतलं एक पोरगं विचारत आलं, "दादा, स्टुडिओचा तास परवडत नाही. घरात रेकॉर्ड केलेलं चालतंय का?" चालतंय. माझी पहिली सात गाणी मंगळवार पेठेत माडीवर, पत्र्याखाली झाली. त्याला सांगितलं तेच इथं लिहितोय.

आधी खोली, मग माइक. मोकळ्या भिंतीवर आपटून आलेला आवाज एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरला की मिक्सिंगमध्ये नीट निघत नाही. घरातल्या जाड वाकळा दोरीवर टांग. माइकचं तोंड तुझ्याकडं असतं, म्हणजे तुझ्या पाठीमागची भिंत त्याला थेट ऐकू येते. एकच वाकळ असेल तर ती पाठीमागं टांगायची. पंखा बंद. पावसाळ्यात पत्रा वाजतो, म्हणून जून-जुलैत मी लिहितो, बीट बनवतो. आवाज पाऊस उघडल्यावर घेतो.

माइक दोन जातींचे, डायनॅमिक आणि कंडेन्सर. अशा खोलीत डायनॅमिक बरा, आजूबाजूचं कमी उचलतो. कंडेन्सर घेतलास तर इंटरफेसवरचं (माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं, म्हणजे माइकला वीज पुरवणारं, बटण दाबावं लागतं. तोंडापासून एक वीत अंतर ठेव. "भावा", "बघ", "फुडं" म्हणताना ओठातून हवा सुटते आणि माइकवर धप्प आदळते, म्हणून पॉप फिल्टर (माइकपुढची हवा अडवायची जाळी) लाव आणि माइक तोंडाच्या जरा बाजूला धर. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेव. सगळ्यात जोराची ओळ आधी म्हणून बघ. मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जायला नको. फाटलेला आवाज परत शिवता येत नाही.

९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) १६ बार, म्हणजे चार-चार ठोक्यांची १६ आवर्तनं, जेमतेम ४३ सेकंदांत संपतात. श्वास कुठं घ्यायचा त्या जागी वहीत खुणा कर. आणि बोली बदलू नको. माझ्या पहिल्या गाण्यात मी "करतोय, कुठे" असं पुस्तकी म्हटलं होतं. आईनं ऐकलं आणि विचारलं, "ह्यो कोण बोलालाय?" मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तोच व्हर्स (गाण्यातलं कडवं) "करालोय, कुठं" म्हणत घेतला. "करालोय" मधला "रा" लांबतो, आणि माझ्या बीटवर स्नेअर ड्रमचा ठोका नेमका तिथंच पडत होता. इतके दिवस मी ती जागा इफेक्ट लावून भरत होतो.

हलगी हवी असेल तर तयार आवाजांचा पॅक विकत घेऊ नको, वाजवणाऱ्याला बोलव. खासबागेत कुस्तीला जी कडाडते तीच हलगी बंद खोलीत कान फोडते, म्हणून माइक चार फूट लांब आणि गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) अगदी कमी. वाजवायच्या आधी ती शेकावी लागते, कातडं ताणतं. दमट हवेत ते पुन्हा सैल पडतं आणि सूर उतरतो, तेव्हा मधे थांबून परत शेकू दे, घाई करू नको. एका हातातली काडी जाड असते, दुसऱ्यातली बारीक आणि लवचिक. दोन्हींचे सुटे ठोके वेगळे रेकॉर्ड कर, मग पूर्ण ठेका सलग चार मिनिटं घे. पैसे त्याच दिवशी द्यायचे, गाण्याखाली नाव त्याचंही लिहायचं.

शेवटी फायली. माझं एक गाणं मी स्टुडिओत केलं, पैसे चुकते केले, एमपीथ्री घेऊन घरी आलो. वर्षानं सुटे ट्रॅक मागायला गेलो तर कॉम्प्युटर फॉरमॅट झालेला. त्या गाण्यातला माझा आवाज बीटपासून वेगळा असा आज कुठंच नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्यामुळं आवाज, बीट, हलगी, सगळं सुट्या वेव्ह (.wav) फायलीत, गाण्याच्या एकाच ठिकाणापासून सुरू होणारं, दोन डिस्कवर ठेव. शब्द कुणाचे, बीट कुणाची, कुणाचा वाटा किती टक्के, हे त्याच रात्री कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घे आणि कागदाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाक.