गेवराई ते विद्यापीठ गेट: मराठवाड्याच्या इतिहासावर पीएच.डी. करू पाहणाऱ्यांसाठी

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात आजोबांचा शाळेचा दाखला होता आणि घरातल्या एकालाही तो वाचता येत नव्हता. म्हातारपणी खुद्द आजोबांनाही अक्षरं लागत नव्हती. कागद उर्दूत आहे आणि त्या शाळेत आपण सातवी केली, एवढंच ते सांगायचे. एम.ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा तो दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी सोबत घेतला. बीड जिल्ह्यातल्या गेवराईहून सकाळची एसटी, शहागडला गोदावरी, मग पाचोड, आडूळ, आणि दुपारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं गेट. पुढची नऊ वर्षं मी त्या गेटातून जा-ये केली. आता इतिहासात पीएच.डी. करायची म्हणून लेकरं फोन करतात, तेव्हा मी फॉर्मची तारीख सांगण्याआधी विचारते, घरात जुने कागद आहेत का?

विद्यापीठात येणाऱ्या बहुतेकांना हे विद्यापीठ पूर्वीपासून आहेच असं वाटतं. मलाही वाटायचं. खरं तर मुंबईचं विद्यापीठ १८५७ चं आणि आपलं १९५८ चं. मधल्या शंभर वर्षांत मराठवाड्यातल्या पोरांनी काय केलं, याच प्रश्नावर माझा प्रबंध उभा राहिला.

आपला भाग निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं आणि तिथं सगळं शिक्षण उर्दूतून दिलं जाई. इंग्रजीऐवजी देशी भाषेतून विज्ञान, कायदा, वैद्यक शिकवायचं हा त्या काळातला फार मोठा प्रयोग होता. त्यासाठी पुस्तकं भाषांतरित करणारा स्वतंत्र विभाग होता आणि त्या कामाचं मोल कमी लेखू नये. पण घरात मराठी बोलणाऱ्या पोराला उर्दूही शिकूनच घ्यावी लागे, आणि वर हैदराबादला राहण्याचा खर्च. औरंगाबादला इंटरमिजिएट कॉलेज होतं, त्याच्या पुढं वाट हैदराबादचीच. १९३८ साली या कॉलेजच्या आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं, तेव्हा नागपूर विद्यापीठानं त्यांना प्रवेश दिला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. संस्थानातल्या पोरांना शिकण्यासाठी दुसऱ्या प्रांताचा दरवाजा ठोठवावा लागला, ही गोष्ट मी व्हायवात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, सांगितली तेव्हा माझा आवाज भरून आला होता. मला त्याची लाज वाटली नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, दोन महाविद्यालयं उभी राहिली. नांदेडला पीपल्स कॉलेज, त्यामागं स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी. औरंगाबादला बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज, पुढं त्याचं नाव मिलिंद झालं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा. म्हणून परिसराचं नाव नागसेनवन. राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते १ सप्टेंबर १९५१ ला तिथं कोनशिला बसली. प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव कॉलेजला देणं, हे मला आजही बाबासाहेबांच्या सगळ्यात सुंदर निर्णयांपैकी एक वाटतं. विद्यापीठात आलात की पहिल्या आठवड्यातच नागसेनवनात पायी जाऊन या. लांब नाही.

ही कॉलेजं मराठवाड्यात होती, पण संलग्न होती उस्मानियाला. परीक्षा, अभ्यासक्रम, निकाल, सगळं हैदराबादहून. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद दुसऱ्या राज्यात गेलं. आता पोरांनी परीक्षा कुणाची द्यायची? न्यायमूर्ती पालनीटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, कायदा झाला आणि २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. हे गृहस्थ मुंबई विद्यापीठात अनेक वर्षं कुलसचिव होते आणि त्या विद्यापीठाच्या शंभर वर्षांचा इतिहासही त्यांनी लिहिला होता. एका जुन्या विद्यापीठाचा इतिहासकार नव्या विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला, हे वाचलं त्या रात्री मी वसतिगृहाच्या गच्चीवर बराच वेळ बसून राहिले. आपल्या विद्यापीठाचा इतिहास कुणी लिहायचा, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

तेव्हा मराठवाड्यात जिल्हे पाचच होते: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. आज आठ आहेत. जुनी आकडेवारी वाचताना हे विसरलात तर लातूर आणि जालन्याचे आकडे शोधत बसाल, आणि ते मिळणार नाहीत, कारण जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा आणि हिंगोली १९९९ चा.

आता नामांतराबद्दल. यावर घाईनं बोलू नये, आणि गप्पही बसू नये. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंचा खून झाला. १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. १९९३ मध्ये गौतम वाघमारेंनी नांदेडला आत्मदहन केलं. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला, ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी. ‘मराठवाडा’ हा शब्द राहिला आणि बाबासाहेबांचं नाव त्याच्या आधी आलं. मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेलेली काही माणसं त्या वेळी नामांतराच्या विरोधात उभी होती, हे तुम्हाला कागदांत दिसेल आणि त्रास होईल. मला झाला. कागद बाजूला सारू नका. एकाच माणसानं १९४८ मध्ये काय केलं आणि १९७८ मध्ये काय केलं, हे दोन्ही लिहिणं हेच तर इतिहासाचं काम.

त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ ला, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढं झालेला हिंगोली तिकडं. औरंगाबाद, जालना, बीड, उस्मानाबाद इकडं. म्हणून १९९४ च्या आधीच्या नांदेड-लातूरच्या कॉलेजांचे कागद काही इथं, काही तिथं. शोधताना दोन्ही ठिकाणी जावं लागतं. परभणीचं कृषी विद्यापीठ वेगळं, १९७२ चं.

विद्यापीठाच्या इतिहास विभागाच्या कामाचा एक नमुना सांगते. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, सांची आणि भरहुतच्या दानलेखांत नाव असलेलं गाव. जालन्याची एसटी पकडून जाता येईल अशा गावात सातवाहनांचा काळ जमिनीखाली पडून होता आणि आपल्याच विद्यापीठाच्या माणसांनी तो वर काढला. पैठण, तेर, भोकरदन ही नावं ऐकून ‘ही तर आपलीच गावं’ म्हणून दुर्लक्ष करू नका. विद्यापीठाच्या मागं औरंगाबाद लेणी आहेत, आवारात सोनेरी महाल आहे. मी पहिलं वर्षभर बीबी का मकबऱ्यावरून पुढं जात राहिले आणि एकदाही सोनेरी महालात शिरले नाही. तुम्ही तसं करू नका.

आता प्रवेशाचं. नियम बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, मित्राच्या सांगण्यावर राहू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५० टक्के. एम.फिल. बंद झालं. पीएच.डी.ला कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा; महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत. प्रोफेसर एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसर सहा आणि असिस्टंट प्रोफेसर चार विद्यार्थी घेऊ शकतात. हा आकडा लक्षात ठेवा. पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) किंवा नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) पास होऊन लोक येतात आणि मग कळतं की आवडीच्या गाइडकडं जागाच नाही. गाइडला आधी भेटा, त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात फुकट वाचता येतात ते वाचा, आणि निवृत्तीला किती वर्षं उरलीत हे आदरानं पण स्पष्ट विचारा. कुणी रागावत नाही.

माझी चूक विषयात झाली. पहिल्या सिनॉप्सिसवर, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यावर, मी लिहिलं होतं, ‘मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा इतिहास’. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, आणि कागद कुठं आहेत? दोन्हीचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. सहा महिने गेले. मग १९५० ते १९५८, उस्मानियाला संलग्न असलेली मराठवाड्यातली महाविद्यालयं, एवढंच ठेवलं. आठ वर्षांचा काळ, पण त्याला मला पाच वर्षं पुरली नाहीत.

कारण कागद उर्दूत होते. निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी कारभाराची भाषा उर्दू झाली, आणि शाळेच्या रजिस्टरपासून महसुलाच्या नकलेपर्यंत तीच चालली. गावच्या हिशेबात मोडी. मराठवाड्यावर काम करायचं आणि या दोन लिप्या येत नाहीत, तर तुम्ही दुसऱ्यानं वाचून सांगितलेलंच लिहिणार. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातले कागद वाचणाऱ्यांची किती गरज पडली ते सगळ्यांनी पाहिलं. मी शहागंजमधल्या एका निवृत्त शिक्षकांकडं दीड वर्ष संध्याकाळी उर्दू शिकले. त्यांनी फी घेतली नाही, रमजानमध्ये मात्र इफ्तारला बसवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग अधूनमधून होतात, शहरात त्यांचं पुराभिलेखागारही आहे. तिथं चौकशी करत राहा.

हैदराबादला जावंच लागतं. राज्य अभिलेखागार तारनाक्याला आहे, उस्मानिया विद्यापीठाच्या जवळ. तारखा फसली सनात, म्हणजे निजामाच्या कारभारातल्या कालगणनेत, असतात. त्या आकड्यात ५९० मिळवले की ते फसली वर्ष ज्या इसवी सनात सुरू झालं ते मिळतं. वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. शाळांचे दर्जे तहतानिया, वस्तानिया, फौकानिया, म्हणजे प्राथमिक, मिडल स्कूल, हायस्कूल असे ढोबळमानानं समजा. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तिथले तीन दिवस वाचले असते.

आणि ती वेळ आली. उर्दू बऱ्यापैकी जमल्यावर एका रविवारी आजोबांचा दाखला उघडला. वस्तानिया, गेवराई. सन १३५५ फसली, म्हणजे १९४५-४६. ‘मादरी जबान’ म्हणजे मातृभाषा, या रकान्यात ‘मरहटी’. वर्तणूक चांगली. आजोबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी आईला फोन लावून दाखला मोठ्यानं वाचून दाखवला. ती एवढंच म्हणाली, परत वाच.

पैशाचं खरं सांगते. नेट-जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, असेल तर उत्तम, २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिप आहेत. पण पैसे वेळेवर येतीलच असं धरून खोली भाड्यानं घेऊ नका. माझी रक्कम एकदा अकरा महिने अडली. तेव्हा मी एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेतले आणि प्रोग्रेस रिपोर्ट रात्री लिहिला. सहा महिन्यांचे खर्च हाताशी ठेवूनच सुरुवात करा. घरच्यांनाही आधीच सांगा की हे काम ऊसतोडीच्या हंगामासारखं नाही, उचल मिळत नाही आणि हिशेब शेवटी होतो.

साधनं फक्त अभिलेखागारात नसतात. जुन्या कॉलेजांची वार्षिक नियतकालिकं बघा, त्यांत पहिल्या पिढीच्या पोरांच्या कविता आणि वसतिगृहाच्या मेसचे हिशेब दोन्ही सापडतात. अनंत भालेरावांच्या काळातल्या दैनिक ‘मराठवाडा’च्या फायली बघा, आणि त्याच टेबलावर गंगाधर पानतावणेंच्या ‘अस्मितादर्श’चे अंक ठेवा. एकाच शहरातून निघणारी ही दोन नियतकालिकं शेजारी ठेवून वाचल्याशिवाय सत्तरच्या दशकातलं औरंगाबाद कळत नाही. निवृत्त प्राध्यापकांना, शिपायांना, मेसवाल्या मावशींना भेटा. रेकॉर्डिंगची परवानगी मागा आणि चहा झाल्याशिवाय प्रश्न काढू नका. माझ्या यादीतली चार माणसं मी पोचायच्या आत गेली.

आणि १४ जानेवारीला गेटवर या. नामविस्तार दिनाला गावागावांतून माणसं अभिवादनाला येतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्यांच्यात दहा-वीस रुपयांच्या पातळ पुस्तिका असतात: कुणा कार्यकर्त्याच्या आठवणी, एका गावातल्या जळीताची हकीकत, लाँग मार्चमध्ये चाललेल्या बाईचं मनोगत. यातल्या बऱ्याचशा कुठल्याच ग्रंथालयात नसतात. मी दर वर्षी पिशवीभर घेते, मागच्या पानावर तारीख आणि किंमत लिहिते. घरात आता तीन खोकी झालीत. नामांतरावर किंवा त्या काळातल्या वसतिगृहांवर कुणी काम करणार असेल तर येऊन बघा, खोकी उघडीच असतात.