मार्कमेमोवरचा ‘ओ’ आणि कॉलेजात अडणारे बाकीचे शब्द

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला तेव्हा मी नेट कॅफेतून प्रिंट काढून घरी आणली. अप्पा नुकतेच कारखान्यातून आले होते, केसांत सुताचा भुसा तसाच होता. त्यांनी कागद दिव्याखाली धरला, एकेका ओळीवरून बोट खाली नेलं आणि केमिस्ट्री प्रॅक्टिकलच्या ओळीवर थांबले. “काय गं, हितं शून्य पडलाय की.”

तिथे गोल शून्यासारखं अक्षर होतं आणि शेजारच्या रकान्यात १० लिहिलेलं होतं. शंभरपैकी दहा, असं आम्हा दोघांनाही वाटलं. प्रॅक्टिकलला मी एक दिवस चुकवला नव्हता, जर्नल वेळेवर सर्टिफाय झालं होतं. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या एका ताईंना कागद दाखवला, तेव्हा कळलं की ते शून्य नव्हतंच. तो इंग्रजी ‘ओ’ होता, म्हणजे आउटस्टँडिंग, सगळ्यात वरची ग्रेड. आणि १० हे मार्क नव्हते, तो ग्रेड पॉइंट होता. दहापैकी दहा.

आज मी सोलापुरातल्याच एका कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते. दरवर्षी जून-जुलैत आमच्या पूर्व भागातल्या गल्लीतली पोरं-पोरी प्रवेशाचे कागद घेऊन घरी येतात. बहुतेकांच्या घरात कॉलेजला जाणारं ते पहिलंच माणूस असतं. हुशारीत ती कमी नसतात. त्यांना अडवतात ते शब्द, आणि प्रत्येक शब्दामागे एखादी तारीख किंवा फी असते. ती हुकली की वर्ष जातं. म्हणून मला जे उशिरा कळलं ते इथे लिहिते आहे.

पहिला शब्द क्रेडिट, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन. साधारणपणे थिअरीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट आणि प्रॅक्टिकलचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. तुम्हाला विषयात किती चांगलं जमलं हे ग्रेड सांगते. ‘ओ’ला १०, ए प्लसला ९, एला ८, बी प्लसला ७, बीला ६ आणि एफ म्हणजे नापास, त्याला शून्य. विषयात नापास झालात तर त्याचे क्रेडिट खात्यात जमाच होत नाहीत.

अप्पांना हे मी मजुरीच्या हिशेबाने समजावलं होतं. मागावर मजुरी नगावर मिळते. किती नग काढले आणि कोणत्या दराने, यावर आठवड्याचा पगार ठरतो. इथे क्रेडिट म्हणजे नग आणि ग्रेड पॉइंट म्हणजे दर. समजा केमिस्ट्री चार क्रेडिटचा आहे आणि त्यात बी प्लस मिळाला: चार गुणिले सात, अठ्ठावीस. फिजिक्स चार क्रेडिट, ए ग्रेड: बत्तीस. प्रॅक्टिकल दोन क्रेडिट, ओ ग्रेड: वीस. इंग्रजी दोन क्रेडिट, ए प्लस: अठरा. बेरीज ९८ आणि क्रेडिट एकूण १२. अठ्ठ्याण्णवला बाराने भागलं की ८.१७ येतात. हा त्या सेमिस्टरचा एसजीपीए. सगळ्या सेमिस्टरचा मिळून असाच क्रेडिटच्या वजनाने हिशेब केला की सीजीपीए होतो. नुसती चार ग्रेडची सरासरी काढली असती तर ८.५ आली असती. पोरं हीच चूक करतात आणि मग निकालात घोळ झाला म्हणून ऑफिसात भांडायला जातात. यातली कामाची गोष्ट ही, की चार क्रेडिटच्या विषयात ढिलाई केली तर ती दोन क्रेडिटच्या विषयातल्या ‘ओ’ने भरून निघत नाही. अभ्यासाचं वेळापत्रक करण्याआधी प्रत्येक विषयासमोर क्रेडिट लिहून काढा.

सीजीपीएचे टक्के कसे करायचे, हे नोकरीचा फॉर्म भरताना हमखास अडतं. सगळीकडे चालणारं एकच सूत्र नाही. काही ठिकाणी सरळ दहाने गुणतात, काही ठिकाणी आधी ०.७५ वजा करून मग दहाने गुणतात. ७.२ चे एका हिशेबाने ७२ टक्के होतात, दुसऱ्याने ६४.५. म्हणून मनाने गुणाकार करू नका. मार्कमेमोच्या, म्हणजे निकालाच्या कागदाच्या, मागे छापलेलं सूत्र बघा, किंवा आपल्या विद्यापीठाचं टक्केवारीचं पत्र घ्या.

आता एटीकेटी. अलाउड टू कीप टर्म्स, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन पुढच्या वर्षात बसायची परवानगी. माझ्या बरोबरच्या एका मैत्रिणीचा एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, मॅथ्सचा एक पेपर राहिला होता. एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, प्रवेश मिळाला, तेव्हा तिला वाटलं की प्रकरण मिटलं. राहिलेल्या पेपरचा फॉर्म वेगळा भरायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही कुणाला विचारलं नाही. एसवाय चांगल्या मार्कांनी पास झाली. टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, प्रवेशाला गेली तर खिडकीवरून कागद परत आला, कारण तेव्हाच्या नियमाने पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश नव्हता. एका पेपरसाठी ती वर्षभर घरी बसली. त्या वर्षात तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि पुढे शिक्षण सुटलं ते सुटलंच. ती माझ्यापेक्षा चांगली विद्यार्थिनी होती. आजही कुणी सहज “एटीकेटी लागलीय, काही नाही होत” म्हणालं की मला तीच आठवते. किती विषयांपर्यंत एटीकेटी मिळते आणि कोणत्या वर्षाआधी काय सुटायला हवं, हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं आणि बदलतही राहतं. प्रवेश घेतल्याच्या आठवड्यातच आपल्या कोर्सचा नियम लेखी मागा.

इंटर्नलचंही तसंच. चाचणी, असाइनमेंट, सेमिनार यांचे मार्क म्हणजे इंटर्नल आणि सेमिस्टरच्या शेवटची परीक्षा म्हणजे एक्स्टर्नल. बऱ्याच ठिकाणी दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लॅबमध्ये मी बघते, पोरं सबमिशन टाळत राहतात आणि शेवटच्या आठवड्यात जर्नल घेऊन मागे धावतात. ७५ टक्के हजेरी नसेल तर टर्म ग्रँट होत नाही, म्हणजे परीक्षेलाच बसता येत नाही. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत वर्ग ओस पडतात. जानेवारीत चार दिवस कमी पडणार असतील तर आधीच हिशेब करून ठेवा.

नव्या शैक्षणिक धोरणाने शब्द आणखी वाढवले आहेत. आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून ही रचना आली. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, पदवी त्यातलीच. मायनर म्हणजे जोडविषय. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला, आवडीने निवडायचा विषय. ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचा अनुभव. एक वर्ष करून थांबलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पण मध्येच थांबून प्रमाणपत्र किंवा पदविका हवी असेल तर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप जास्तीची करावी लागते. “एक वर्ष झालं, आता सर्टिफिकेट आपोआप मिळेल” असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

हे क्रेडिट जमा होतात ते अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये. ही सोय २०२१ मध्ये सुरू झाली. तिचा बारा अंकी एबीसी आयडी डिजिलॉकरवरून काढता येतो. तो काढताना आधारवरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव शेजारी शेजारी ठेवून बघा. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. दुरुस्ती पहिल्याच वर्षी करून टाका, टीवायला वेळ नसतो.

संलग्न आणि स्वायत्त यांतला फरकही पालक फार विचारतात. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाची. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आखतं, परीक्षा स्वतः घेतं, पण पदवी विद्यापीठाचीच मिळते. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणून माझ्या काकांच्या पदवीवर कोल्हापूरचं नाव आहे. माझ्या कागदांवर तर दोन नावं आहेत: पहिल्या वर्षीच्या मार्कमेमोवर सोलापूर विद्यापीठ, आणि २०१९ मध्ये नामविस्तार झाल्यामुळे शेवटच्या मेमोवर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. विद्यापीठ एकच आहे, पण बाहेरगावी पडताळणीला हे समजावून सांगावं लागतं.

कागदांच्या नावांत घोळ करू नका. बोनाफाईड म्हणजे तुम्ही तिथे शिकत आहात याचा दाखला, शिष्यवृत्ती आणि प्रवासाच्या पाससाठी लागतो. टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, तो एकदाच मिळतो, झेरॉक्स काढल्याशिवाय कुठेही देऊ नका. मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं दुसऱ्या विद्यापीठात जाताना. पीआरएन हा तुमचा विद्यापीठातला कायमचा नंबर, तो पाठच करा.

शेवटचा शब्द मला सगळ्यात महाग पडला: कॉन्व्होकेशन, पदवीप्रदान समारंभ. तो फक्त झगा घालून फोटो काढायचा कार्यक्रम असतो, असं मला वाटायचं. २०१९ ला पास झाले, फॉर्म भरलाच नाही, तेवढी फी वाचली असं वाटलं. २०२१ मध्ये एका ठिकाणी माझी निवड झाली आणि कागदपत्र पडताळणीला बोलावलं. मी सहाही सेमिस्टरचे मार्कमेमो टेबलावर मांडले. समोरच्यांनी ते उलटसुलट बघितले आणि विचारलं, “पदवी प्रमाणपत्र?” मी म्हटलं, सर, मी पास आहे, हे बघा ना. ते म्हणाले, “पास आहात हो. पण पदवी कुठे आहे?” पदवी अर्ज केल्यावर मिळते, आणि ती हातात येईपर्यंत प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं, प्रमाणपत्र काढून ठेवायचं असतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. दोन दिवसांची मुदत मिळाली. केगावला विद्यापीठात जाऊन अर्ज दिला, पण दोन दिवसांत ते होणारं नव्हतं. ती जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला गेली.

तेव्हापासून आमच्या गल्लीत कुणाचा टीवायचा निकाल लागला की मी पेढा घेण्याआधी विचारते, प्रोव्हिजनलचा अर्ज केलास का? परवा विडी कामगाराची एक पोरगी बीकॉम झाली. तिने पेढ्यांच्या पुड्याबरोबर अर्जाची पावतीच पुढे केली.